फ्रीसेल पेशन्स: खऱ्या पत्त्यांचा डाव लावण्याची आणि सोडवण्याची क्रमवार पद्धत

फ्रीसेल हा पेशन्सचा, म्हणजे एकट्याने लावायच्या पत्त्यांच्या डावाचा, एक प्रकार आहे. यात सगळे ५२ पत्ते आठ ओळींत उघडे मांडतात आणि चार राखीव घरांच्या मदतीने ते चार थप्प्यांवर, प्रत्येक रंगाचे (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर) वेगळे, एक्क्यापासून राजापर्यंत चढवले की डाव सुटतो. गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या इंदिरानगर भागातील आमच्या सोसायटीच्या सभागृहात रविवारी दुपारी काही शेजारी पेशन्स लावायला जमू लागले. त्यांतील बहुतेकांनी फ्रीसेल संगणकावर किंवा मोबाईलवर खेळलेले होते, पण खरे पत्ते हातात आल्यावर त्याच चुका पुन्हा पुन्हा होताना मी पाहिल्या. यंत्र चुकीची चाल करूच देत नाही आणि चार-पाच पत्त्यांची मालिका एका झटक्यात हलवून दाखवते, त्यामुळे ती मालिका प्रत्यक्षात कशी हलते हे शिकण्याची वेळच येत नाही. टेबलावर अडवणारे कोणी नसते. मग कोणी सहा पत्ते एकदम उचलून नेतो, तर कोणी पहिल्या पाच चालींतच सगळी राखीव जागा भरून टाकतो आणि "हा डाव सुटणाराच नव्हता" असे म्हणून पत्ते गोळा करतो.

हे म्हणणे जवळजवळ नेहमीच चुकीचे असते. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फ्रीसेलमध्ये १ ते ३२,००० असे क्रमांक दिलेले डाव होते. त्यांतला केवळ ११९८२ क्रमांकाचा डाव सुटत नाही. ती क्रमांकपद्धत पुढे वाढवून पहिले १० लाख डाव संगणकाकडून तपासून घेतले गेले, तेव्हा न सुटणारे डाव अवघे ८ निघाले. म्हणून डाव अडला की दोष पत्त्यांचा नसून चालींच्या क्रमाचा आहे, असे धरूनच मागे वळून पाहावे. पुढील सर्व टप्पे हा क्रम नीट बसावा यासाठीच दिले आहेत.

पूर्वतयारी: कॅट आणि जागा

जोकर काढून टाकावेत आणि ५२ पत्ते मोजावेत. नुसती बेरीज पुरेशी नाही. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर वेगळे करून प्रत्येकाचे १३ पत्ते आहेत की नाही हेही एकदा पाहावे. घरातल्या जुन्या कॅटमध्ये झब्बू खेळताना हरवलेल्या पत्त्याच्या जागी दुसऱ्या कॅटचा एखादा पत्ता शिरलेला असतो. फ्रीसेलमध्ये एक दुर्री जरी नसली तरी तो रंग कधीच वर चढत नाही, आणि हे अर्ध्या तासाने लक्षात येणे फार क्लेशदायक असते.

जागेचा अंदाज आधी घ्यावा. साधा पत्ता सुमारे सहा सेंटीमीटर रुंद आणि नऊ सेंटीमीटर उंच असतो. आठ ओळी शेजारी शेजारी मांडायच्या असल्याने साठ-पासष्ट सेंटीमीटर रुंदी लागते. ओळी पुढे लांबत जातात, त्यामुळे आपल्या दिशेने निदान अर्धा मीटर मोकळा हवा, आणि वरच्या बाजूला घरांसाठी व थप्प्यांसाठी आणखी एक पट्टा हवा. पंचवटी एक्सप्रेसमध्ये मांडीवर बॅग ठेवून रमी खेळता येते, पण तेवढ्या जागेत फ्रीसेल मांडता येत नाही. जमिनीवर सतरंजी अंथरून बसणे सगळ्यात सोयीचे, मात्र पंखा बंद ठेवावा. पावसाळ्यातील दमट हवेत कागदी पत्ते मऊ पडून एकमेकांना चिकटतात आणि दोन पत्ते एक समजून वाटले जातात. त्या दिवसांत प्लॅस्टिकचे पत्ते घ्यावेत.

टप्पा १: मांडणी

पत्ते नीट पिसून घ्यावेत आणि सगळे उघडे वाटावेत. या खेळात पालथा पत्ता एकही नसतो. डावीकडून उजवीकडे आठ पत्ते ठेवावेत, मग पुन्हा डावीकडून सुरुवात करून त्यांच्यावर दुसरे आठ, मागच्या पत्त्याचा आकडा आणि रंग दिसत राहील अशा बेताने. अशा सहा पूर्ण फेऱ्यांत ४८ पत्ते संपतात. उरलेले चार पत्ते डावीकडच्या पहिल्या चार ओळींवर जातात.

ओळींच्या वरच्या अंगाला डावीकडे चार पत्त्यांपुरती जागा मोकळी सोडावी. हीच ती चार राखीव घरे, म्हणजे खेळाच्या नावातले 'सेल'. उजवीकडे चार थप्प्यांची जागा ठेवावी. घरांच्या जागी खडूने चौकोन आखावेत किंवा चार कोरे कागद ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगतो, कारण आखलेले घर नसले की घाईत पाचवा पत्ताही "तात्पुरता" बाजूला ठेवला जातो आणि तिथे खेळ खेळच राहत नाही.

*तपासणी:* पहिल्या चार ओळींत प्रत्येकी ७ आणि पुढच्या चार ओळींत प्रत्येकी ६ पत्ते असले पाहिजेत. अठ्ठावीस आणि चोवीस मिळून बावन्न होतात. एखाद्या ओळीत कमी-जास्त असेल तर पत्ता उगाच इकडून तिकडे सरकवू नये, पुन्हा वाटावे.

टप्पा २: चालींचे नियम

प्रत्येक ओळीतला आपल्या बाजूचा शेवटचा पत्ता तेवढा मोकळा असतो. त्याला आपण टोकाचा पत्ता म्हणू. एका वेळी असा एकच पत्ता हलतो, आणि त्याला जाण्यासाठी चार ठिकाणे असतात.

१. दुसऱ्या ओळीच्या टोकावर: तिथला पत्ता एका आकड्याने मोठा आणि विरुद्ध वर्णाचा असला पाहिजे. काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी चालते, मग ती बदामची असो वा चौकटची. काळी अठ्ठी चालत नाही.

२. रिकाम्या घरात: कोणताही पत्ता, पण एका घरात एकच.

३. रिकाम्या झालेल्या ओळीत: कोणताही पत्ता.

४. थप्पीवर: एक्क्यापासून राजापर्यंत चढत्या क्रमाने, प्रत्येक थप्पी एकाच रंगाची, म्हणजे फक्त इस्पिकची, बदामची, चौकटची किंवा किलवरची.

घरातला पत्ताही याच नियमांनी ओळीत किंवा थप्पीवर परत येतो. थप्पीवर गेलेला पत्ता मात्र परत घ्यायचा नाही, असे आधीच ठरवून टाकावे.

*इशारा:* संगणकावर ज्याला नुसते सॉलिटेअर म्हणतात त्या खेळात रिकाम्या ओळीत फक्त राजा ठेवता येतो. तो नियम इथे लागू नाही. ही एक समजूत डोक्यातून काढली नाही, तर रिकामी ओळ राजाची वाट पाहत नुसती पडून राहते.

टप्पा ३: हात न लावता डाव वाचणे

सगळे पत्ते उघडे असल्यामुळे इथे नशिबाचा भाग वाटप संपले त्याच क्षणी संपतो. तरीही दहांतले नऊ जण वाटप होताच दिसेल ती पहिली चाल करतात. ती चाल नियमात बसत असते, एवढेच. निदान पाच मिनिटे हात मांडीवर ठेवून पुढील क्रमाने डाव वाचावा.

प्रथम चारही एक्के शोधावेत आणि प्रत्येकावर किती पत्ते आहेत ते मोजावे. मग चारही दुर्र्या आणि शक्य तर तिर्र्याही. एक्का टोकाला असून त्याच रंगाची दुर्री दुसऱ्या ओळीत सर्वांत मागे दबलेली असेल, तर त्या रंगाचा लवकर उपयोग नाही, हे आधी कळलेले बरे. त्यानंतर राजे पाहावेत. ओळीच्या अगदी मागे बसलेला राजा शुभ, कारण तो तिथून हलवावा लागत नाही आणि त्याच्यावर लांब मालिका रचता येते. ओळीच्या मध्ये किंवा टोकाला असलेला राजा अडसर ठरतो.

आता ज्या ओळीत लहान पत्ते जास्त दबले आहेत ती ओळ निवडावी आणि तिच्यावरच्या प्रत्येक पत्त्याला जागा आहे का, ते कागदावर किंवा मनात लिहून काढावे. एक उदाहरण घेऊ. समजा तिसऱ्या ओळीत किलवरचा एक्का आहे आणि त्याच्यावर क्रमाने बदामचा गुलाम, इस्पिकची पंजी आणि टोकाला चौकटची नव्वी आहे. इतर सात ओळींची टोके अशी: इस्पिकची दश्शी, बदामची सत्ती, किलवरची राणी, चौकटचा राजा, किलवरची तिर्री, बदामची दश्शी आणि इस्पिकची अठ्ठी.

ज्याने नुसता एक्का पाहिला तो गुलाम, पंजी आणि नव्वी हे तिन्ही पत्ते घरांत टाकून एक्का मोकळा करतो आणि त्याच्या हाती एकच घर उरते. ज्याने टोके वाचली आहेत तो चौकटची नव्वी इस्पिकच्या दश्शीवर ठेवतो. पंजीला लाल छक्की हवी आणि ती कुठल्याच टोकाला नाही, म्हणून तेवढी एक घरात जाते. बदामचा गुलाम किलवरच्या राणीवर बसतो. एक्का सुटला आणि तीन घरे अजून रिकामी आहेत. एवढेच नव्हे, तर आता दश्शी-नव्वीची जोडी त्या गुलामावर नेता येते आणि इस्पिकच्या दश्शीमागे दडलेला पत्ताही मोकळा होतो.

याच उदाहरणात एक मोह आहे. किलवरची राणी चौकटच्या राजावर बसू शकते आणि ती चाल देखणी दिसते. पण तो राजा ओळीच्या अगदी मागे नसून त्याच्यामागे पाच पत्ते असतील आणि त्यांत एखादी दुर्री असेल, तर राजावर रचलेली प्रत्येक मालिका त्या दुर्रीवर ओझे वाढवत जाते. राजावर काही ठेवण्यापूर्वी त्याच्यामागे काय दबले आहे ते पाहिलेच पाहिजे. सभागृहातल्या माझ्या पाहण्यात सर्वाधिक डाव याच एका चालीने अडले.

*तपासणी:* पहिला एक्का मोकळा होईपर्यंतच्या सर्व चाली पत्त्यांना हात न लावता सांगता येतात का? येत नसतील तर आणखी वाचावे.

टप्पा ४: घरांची उधारी

घरात ठेवलेला पत्ता ही उधारी आहे, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. वाण्याकडून उधार घेताना फेड कधी होणार हे आपण मनाशी ठरवतो, तसेच पत्ता घरात ठेवण्यापूर्वी तो कोणत्या पत्त्यावर परत जाणार आणि तो पत्ता किती चालींनी मोकळा होणार, हे स्वतःला मोठ्याने सांगावे. वरच्या उदाहरणातल्या इस्पिकच्या पंजीला बदामची किंवा चौकटची छक्की चालेल. त्यांतली एखादी टोकापासून एकाच पत्त्याआड असेल तर ही उधारी किरकोळ आहे. दोन्ही छक्क्या ओळींच्या मुळाशी असतील, तर एक घर जवळजवळ निम्म्या डावापुरते गेले असे समजावे आणि दुसरा मार्ग शोधावा.

लहान पत्ते घरात ठेवणे त्या मानाने कमी धोक्याचे, कारण थप्पी चढू लागली की ते तिकडून सुटतात. राजा घरात ठेवणे सगळ्यात महाग. राजाला ओळीत दुसऱ्या कोणत्याही पत्त्यावर जागा नाही, म्हणून ओळ रिकामी होईपर्यंत तो घर अडवून बसतो. पुढच्या दोन-तीन चालींत ओळ रिकामी होणार हे दिसत असेल तरच राजा घरात घ्यावा.

*इशारा:* तीन घरे भरली की थांबावे. चौथे घर भरायचे असेल तर त्याच्या लगेच पुढच्या चालीत किमान एक घर रिकामे होत असले पाहिजे. चारही घरे भरलेली आणि ओळींत चाल नाही, अशी अवस्था आली की डाव तिथेच संपतो.

टप्पा ५: मालिका हलवण्याचे गणित

खऱ्या पत्त्यांनी खेळताना सर्वाधिक घोटाळा इथे होतो. उतरत्या क्रमाने आणि आलटून-पालटून वर्णाने लागलेली मालिका एकत्र उचलून नेता येते, पण केवळ सोय म्हणून. मुळात प्रत्येक पत्ता एकेकटाच हलत असतो. म्हणून जितके पत्ते एकेक करून नेणे शक्य आहे, तितकेच एकदम उचलावेत.

समजा इस्पिकची नव्वी, बदामची अठ्ठी, किलवरची सत्ती आणि चौकटची छक्की अशी चार पत्त्यांची मालिका आहे आणि ती बदामच्या दश्शीवर न्यायची आहे. तीन घरे रिकामी असतील तर छक्की, सत्ती आणि अठ्ठी अनुक्रमे तीन घरांत जातात, नव्वी दश्शीवर बसते आणि मग अठ्ठी, सत्ती, छक्की उलट क्रमाने परत येतात. म्हणजे रिकाम्या घरांच्या संख्येत एक मिळवला की हलवता येणाऱ्या पत्त्यांची संख्या मिळते.

एक ओळ पूर्ण रिकामी असेल तर ही संख्या दुप्पट होते. हे ऐकून बहुतेकांना पटत नाही, म्हणून हीच मालिका एकच रिकामे घर आणि एक रिकामी ओळ घेऊन प्रत्यक्ष हलवून पाहावी:

१. छक्की घरात.
२. सत्ती रिकाम्या ओळीत.
३. छक्की घरातून सत्तीवर.
४. अठ्ठी घरात.
५. नव्वी दश्शीवर.
६. अठ्ठी घरातून नव्वीवर.
७. छक्की पुन्हा घरात.
८. सत्ती अठ्ठीवर.
९. छक्की सत्तीवर.

नऊ चालींनंतर घरही रिकामे आणि ओळही रिकामी. एका घराने दोन पत्ते हलतात, रिकाम्या ओळीमुळे त्यांचे चार होतात. दोन ओळी रिकाम्या असतील तर पुन्हा दुप्पट, म्हणजे आठ. चारही घरे मोकळी आणि एक ओळ रिकामी असेल तर दहा पत्त्यांची मालिका निर्धास्तपणे उचलावी. पहिले काही डाव मात्र एकेक पत्ता हलवूनच खेळावेत. बोटांना सवय झाली की गणित वेगळे करावे लागत नाही.

*इशारा:* मालिका रिकाम्या ओळीतच न्यायची असेल, तर ती ओळ मोजणीत धरायची नाही. एक रिकामे घर आणि एकच रिकामी ओळ असताना त्या ओळीत दोनच पत्ते जातात, चार नव्हे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू बारकाईने खेळतात, पण त्यांचाही डाव एकदा नेमका इथेच चुकला आणि पुढच्या दहा चाली उलट कराव्या लागल्या.

टप्पा ६: रिकामी ओळ मिळवणे आणि राखणे

रिकामी ओळ घरापेक्षा मोलाची आहे, कारण घरात एकच पत्ता राहतो आणि ओळीत मालिका. म्हणून एक्के सोडवण्याचे काम चालू असतानाच कोणती ओळ सर्वांत लवकर रिकामी होईल यावर लक्ष ठेवावे. सहा पत्त्यांच्या ओळींपैकी जिच्यात राजा-राणी कमी आहेत ती बहुधा योग्य ठरते.

ओळ रिकामी झाली की लगेच काहीतरी तिथे ठेवण्याची इच्छा होते. ती आवरावी. तिथे पत्ता ठेवायचा तो दोनच कारणांनी: एक तर राजा किंवा राणीपासून सुरू होणारी लांब मालिका तिथे रचायची असेल, किंवा त्या एका चालीने दुसरी ओळ किंवा दोन घरे मोकळी होत असतील.

टप्पा ७: थप्पीवर केव्हा चढवावे

एक्का आणि दुर्री टोकाला येताच चढवाव्यात, त्यांना खाली ठेवून काही मिळत नाही. तिर्रीपासून पुढे मात्र विचार हवा. चौकटची छक्की थप्पीवर जाऊ शकते म्हणून ती घाईने चढवली आणि नंतर इस्पिकची पंजी ठेवायला लाल छक्कीच उरली नाही, असे सहज होते.

यासाठी एक खात्रीचा नियम आहे. विरुद्ध वर्णाचे, एका आकड्याने लहान असे दोन्ही पत्ते थप्पीवर गेलेले असतील, तर आपला पत्ता बेधडक चढवावा. दोन्ही काळ्या पंज्या वर असतील तर लाल छक्कीची खाली कोणालाच गरज उरत नाही. त्यांतली एक जरी खाली असेल, तर ती कुठे आहे हे पाहून निर्णय घ्यावा. चारही थप्प्या साधारण बरोबरीने चढत असतील तर डाव निरोगी आहे. एकच रंग नव्वीपर्यंत गेला आणि दुसरा दुर्रीवर अडला असेल, तर बाकीचे सगळे सोडून त्या अडलेल्या तिर्रीकडे वळावे.

टप्पा ८: अडल्यावर मागे जाणे, आणि डाव सुटल्याची खूण

प्रत्येक चाल वहीत टिपून ठेवण्याची सवय लावावी. "३ वरून ५ वर", "२ वरून घरात" एवढे पुरे. अडल्यावर शेवटची चाल बदलून बघण्यात वेळ घालवू नये, कारण चूक बहुधा बरीच आधी झालेली असते. टिपण उलटे वाचत जाऊन तिसरे घर जिथे भरले त्या चालीपर्यंत पत्ते मागे न्यावेत आणि तिथून दुसरी वाट पाहावी. तरीही न सुटल्यास राजावर ठेवलेल्या पहिल्या पत्त्यापर्यंत मागे जावे.

*शेवटची तपासणी:* आठही ओळींत मागून टोकाकडे आकडे फक्त उतरत जात असतील, म्हणजे कोणत्याही मोठ्या पत्त्याआड लहान पत्ता दबलेला नसेल, तर डाव सुटलेला आहे. वर्ण आलटून-पालटून नसले आणि चारही घरे भरलेली असली तरी हरकत नाही. उरलेले पत्ते फक्त चढवत जायचे.

चारही थप्प्या राजावर संपल्यावर कॅट रंगवार आणि क्रमवार लागलेला असतो. तसाच उचलून दोन-चार वेळा वरवर पिसला तर पुढच्या डावात एकाच रंगाचे लागोपाठचे पत्ते शेजारच्या ओळींवर येतात. त्यामुळे सर्व पत्ते सतरंजीवर पालथे पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर चांगले कालवावेत, मग गोळा करून पिसावेत आणि पुढच्या वाटपाला सुरुवात करावी.